लॉट क्रमांक 64 : शिंगं लावलेली एक नागा कवटी

प्रकरण ऑक्टोबर 2024 मधलं आहे, आणि वरवर पाहिलं तर ते दोन दिवसांत मिटलं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या टेट्सवर्थ गावी ‘स्वान’ नावाचं लिलावघर आहे. 9 ऑक्टोबरला तिथे चमत्कारिक वस्तूंच्या शौकिनांसाठी लिलाव ठरला होता. जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं, दागिने, चिनीमातीची भांडी, आणि त्याच रांगेत माणसांच्या कवट्या. यादीतला 64वा लॉट म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, शिंगं लावलेली नागा मानवी कवटी. बोली 2100 पौंडांपासून सुरू होणार होती. अपेक्षित किंमत 3500 ते 4000 पौंड, म्हणजे आपले साधारण चार लाख रुपये.

ही यादी नागालँडमध्ये पोचली आणि तिथे संतापाची लाट उठली. ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ या संघटनेनं आवाज उठवला. मुख्यमंत्री नेफियू रिओ यांनी 8 ऑक्टोबरला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांना पत्र लिहून लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत लिलाव थांबवण्याची विनंती केली. मृत माणसाचे अवशेष त्याच्या लोकांचे आणि त्याच्या भूमीचे असतात, त्यांचा लिलाव म्हणजे माणसाचं माणूसपण हिरावणं आणि वसाहतकाळातल्या हिंसेचाच पुढचा भाग, असा त्या पत्राचा आशय होता. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाच्या संचालक लॉरा व्हॅन ब्रूकहोवन यांनीही या विक्रीला जाहीर विरोध केला. लिलाव होण्याआधीच लॉट 64 मागे घेतला गेला. त्याच यादीत इतर खंडांतल्या कवट्या आणि दक्षिण अमेरिकेतली आकसवलेली डोकी होती, तीही उतरवण्यात आली.

बातमी इथे संपली. मला मात्र ती सोडवेना, कारण कवटीचा प्रश्न खरा सुरू होतो तो तिथून पुढे.

एक शब्द, आणि त्यामागे लपलेलं गाव

यादीत त्या माणसाबद्दल ओळख म्हणून एकच शब्द होता, ‘नागा’. नागा म्हणजे एक जमात नव्हे. नागालँड सरकारच्या नोंदीत 17 जमाती आहेत. अंगामी, आओ, सेमा, लोथा, कोन्याक, चांग, फोम, खियाम्नियुंगन आणि इतर. मणिपूर, अरुणाचल, आसाम आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्येही नागा राहतात. प्रत्येक जमातीची भाषा वेगळी, आणि पूर्वी तर शेजारच्या दोन गावांचंही वैर पिढ्यान् पिढ्या चाले. ‘नागा कवटी’ म्हणणं म्हणजे एखाद्या मृतदेहावर ‘सह्याद्रीकडचा’ एवढीच चिठ्ठी लावण्यासारखं आहे. त्यातून ना गाव कळतं, ना घर, ना ती कवटी कुणी आणि का जपली हे.

आणि ‘का जपली’ हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

नागा डोंगरांत मुंडकी आणण्याची प्रथा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. नागा अभ्यासकही ते नाकारत नाहीत. डोक्यात एक जीवनशक्ती असते, शत्रूचं डोकं गावात आलं की ती शक्ती गावाची होते, पीक चांगलं येतं, गुरं वाढतात, घरात मुलं होतात, अशी श्रद्धा विशेषतः कोन्याक आणि शेजारच्या जमातींत नोंदली गेली आहे. पण श्रद्धेइतकंच सूड, जमिनीची हद्द, तरुणाची गावातली पत, लग्नाच्या बाजारातलं त्याचं स्थान हेही त्यात होतं. आणि ती नेहमी वीरांची लढाईही नसे. पाणवठ्यावर किंवा शेतात दबा धरून एकट्यादुकट्याला गाठणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. बाईचं, मुलाचं डोकंही मोजलं जाई. आज काही प्रवासवर्णनांतून या प्रथेला शौर्याचा मुलामा दिला जातो. मला तो पटत नाही. पाणी भरायला गेलेली बाई घरी परत आली नाही, अशी ती गोष्ट असते, आणि ती गोष्ट सांगणारंही एक नागा घरच असतं.

हत्यार

हे सगळं ज्या हत्यारानं होई, त्याचं नाव दाओ. लाकडी मुठीचं, टोकाकडे रुंद होत जाणारं पोलादी पातं. जमातीगणिक घाट बदलतो. पाठीमागे कमरेशी एक लाकडी खाच बांधलेली असते, तिच्यात दाओ अडकवतात. पात्याची एक बाजू उघडीच राहते, म्हणजे हात मागे नेला की हत्यार हातात.

कोकणात माणूस कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवतो, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला दाओ समजायला वेळ लागणार नाही. तो आधी घरचा आणि शेतीचा. फिरत्या शेतीसाठी रान तोडायचं दाओनं, घराचे वासे तासायचे दाओनं, बांबू चिरायचा, मांस कापायचं, सगळं त्याच एका पात्यानं. आजही नागा गावात दाओ नसलेलं घर सापडणं कठीण. युद्धातला दाओ ओळखायचा तो त्याच्या सजावटीवरून. मुठीला रंगवलेल्या केसांचे गोंडे लावलेले असत, कधी बकऱ्याच्या, कधी माणसाच्या केसांचे. भाल्याच्या दांड्यालाही तसंच केसांचं आवरण. पूर्वेकडच्या जमाती आडवं धनुष्यही वापरत. बचावासाठी चामड्याच्या ढाली, आणि गावाच्या वाटांवर जमिनीत रोवलेले बांबूचे अणकुचीदार खुंटे. ते नीट पाहिल्याशिवाय पाऊल टाकलं तर तळव्यातून आरपार जात. गावं डोंगराच्या कण्यावर वसलेली असत, ती उगाच नव्हे.

मुंडकं आणणाऱ्याला जे मिळे ते अंगावर दिसे. कोन्याकांत चेहऱ्यावर गोंदण. गळ्यात पितळेच्या छोट्या मुंडक्यांचं पदक. रानडुकराचे सुळे, धनेशाची पिसं. आओ लोकांत एक खास शाल आहे. काळ्या-लाल पट्ट्यांच्या मध्ये एक पांढरा पट्टा, आणि त्यावर काळ्या रंगात मिथुन (गव्यासारखं मोठं जनावर), हत्ती, वाघ, कोंबडा, भाला, दाओ आणि माणसाची डोकी रंगवलेली. ती पांघरायचा अधिकार ज्यानं डोकं आणलं किंवा ज्यानं मिथुनाचा बळी देऊन गावजेवण घातलं त्यालाच. म्हणजे पराक्रमाइतकंच दातृत्वही त्या कापडावर मोजलं जाई. या शालीबद्दल मला विशेष ममत्व वाटतं, कारण नुसत्या ‘हेडहंटर’ या शब्दात तिची अर्धी बाजू पुसली जाते.

मुंडकं गावात आल्यावर

तरुण मुलांचं सामुदायिक घर असे, त्याला मोरुंग म्हणतात. तिथे प्रचंड ओंडका कोरून केलेला ढोल ठेवलेला असे. डोकं आलं की तो वाजे आणि आवाज डोंगरापलीकडे जाई. पुढचे विधी जमातीप्रमाणे वेगळे. कोन्याकांकडे आणलेल्या कवटीच्या तोंडात तांदळाची बिअर ओतत आणि तिला सांगत, तुझे आईबाप, तुझे भाऊ यांनाही बोलाव, त्यांनाही इथे येऊ दे. म्हणजे पुढची मुंडकीही मिळू देत. ऐकायला अंगावर काटा येतो. पण त्यातला दुसरा धागाही बघायला हवा. ती कवटी त्यांच्या दृष्टीनं निर्जीव वस्तू नव्हती. तिला पाजायचं, तिच्याशी बोलायचं, सणावाराला तिची आठवण ठेवायची. शत्रू असला तरी तो ‘कुणीतरी’ होता.

आणि याच कोन्याकांमध्ये दुसरी एक रीत होती. आपल्या घरचं माणूस गेलं की प्रेत मचाणावर ठेवत. काही दिवसांनी त्याचं डोकं धडापासून वेगळं करून स्वच्छ करत, दगडी कुंभात ठेवत आणि पुढची काही वर्षं त्याला सणाचं अन्न-पेय देत. म्हणजे एकाच गावात दोन तऱ्हेच्या कवट्या असत. मोरुंगमध्ये शत्रूच्या आणि दगडी कुंभात आजोबांच्या.

लॉट 64 वर शिंगं होती. शिंगं बांधलेली कवटी म्हणजे बहुधा युद्धात आणलेली, असं संग्रहालयांतल्या नोंदी पाहून म्हणता येतं. पण युरोपच्या जुन्या बाजारात पोचलेल्या प्रत्येक कवटीबद्दल तसं म्हणता येणार नाही. आजोबांची कवटी आणि शत्रूची कवटी यांच्यातला फरक विक्रेत्याच्या यादीत कधीच उतरत नाही. ‘नागा’ म्हटलं की गिऱ्हाईक ‘मुंडकी कापणारे’ एवढंच ऐकतं, आणि किंमत त्याच ऐकण्यावर ठरते.

मग मुंडक्यांचा छंद कुणाला होता?

इंग्रज या डोंगरांत आले ते चहाच्या मळ्यांचं रक्षण, रस्ते आणि नकाशे यांच्या निमित्तानं. 1866 साली नागा हिल्स हा जिल्हा झाला. 1875 च्या फेब्रुवारीत मोजणी करणारी एक तुकडी निनू या गावापाशी पोचली. हे वांचो लोकांचं गाव, आज अरुणाचलात. गावकऱ्यांनी हल्ला केला आणि लेफ्टनंट होलकोम्ब यांच्यासह सुमारे 80 माणसं मारली गेली. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश फौज सूड घ्यायला आली. तिनं गाव जाळलं आणि नेलेली डोकी परत मिळवली. आपल्या माणसांची डोकी परत आणणं हे त्या फौजेला कर्तव्य वाटलं, आणि ते बरोबरच होतं. हा मुद्दा मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवू. 1858 च्या जुलैमध्ये सियालकोटला 46व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या आलम बेग नावाच्या हवालदाराला तोफेच्या तोंडी दिलं. त्याची कवटी एका इंग्रज अधिकाऱ्यानं मायदेशी नेली. 1963 साली ती केंट परगण्यातल्या एका दारूच्या गुत्त्यात सापडली. डोळ्याच्या खोबणीत घडी केलेला कागद होता आणि त्यावर तिची हकिकत लिहिलेली. सुदानमध्ये 1898 च्या विजयानंतर ब्रिटिश सेनापती किचनरच्या सैन्यानं तिथल्या बंडाचा धार्मिक नेता महदी याची कबर उघडून त्याची कवटी काढली, तेव्हा खुद्द राणी व्हिक्टोरियाला ते रुचलं नव्हतं. एकाच्या घरी मोरुंग, दुसऱ्याच्या घरी काचेचं कपाट. पहिल्याला रानटी म्हणणारे दुसऱ्याला संग्राहक म्हणत आले.

नागा वस्तू मोठ्या प्रमाणात युरोपात गेल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स हे नागा हिल्सचे प्रशासक. दोघंही अभ्यासू आणि कष्टाळू. त्यांनी एकेका जमातीवर ग्रंथ लिहिले आणि पेट्या भरभरून वस्तू ऑक्सफर्डला पाठवल्या. पिट रिव्हर्सचे क्युरेटर हेन्री बाल्फोर 1922 मध्ये स्वतः नागा डोंगरांत येऊन गेले. आज त्या संग्रहालयात साडेसहा हजारांच्या आसपास नागा वस्तू आहेत. जगातला हा सर्वांत मोठा नागा संग्रह मानला जातो, आणि त्यात मानवी अवशेषही आहेत.

1936 मध्ये पांग्शा गावावर मोहीम निघाली. कारण होतं गुलाम पकडणं आणि मुंडकी आणणं बंद पाडण्याचं. मिल्स मोहिमेचे प्रमुख होते आणि सोबत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ. पांग्शात सापडलेल्या मुंडक्यांपैकी एक हे संशोधक स्वतः वाकचिंग या कोन्याक गावी घेऊन आले. गावात नवं मुंडकं येऊन बराच काळ लोटला होता. ते आलेलं पाहून लोकांना आनंद झाला आणि रीतसर उत्सव झाला. बंदी घालायला निघालेल्या मोहिमेतून एक मुंडकं उत्सवाला पोचलं! ही हकिकत वाचली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. प्रथा संपवणारे आणि प्रथेचा संग्रह करणारे हात कित्येकदा तेच होते.

नागांनी स्वतः काय केलं होतं

लॉट 64 च्या बातमीखाली अनेकांनी एक आक्षेप घेतला. कापणाराही नागा आणि कापलेलाही नागा, मग आता कशाला दुखावून घ्यायचं?

या आक्षेपाला इतिहासातच उत्तर आहे. 1872 साली एडवर्ड क्लार्क हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी आओ गावात पोचले. पुढच्या शंभर वर्षांत ख्रिस्ती धर्म डोंगरभर पसरला, पूर्वेच्या कोन्याक भागात सगळ्यांत उशिरा. स्वातंत्र्यानंतर, 1963 मध्ये राज्य होण्याच्या सुमारापर्यंत, आतल्या भागांत तुरळक घटना घडत राहिल्या आणि मग प्रथा थांबली. मोरुंगमधल्या कवट्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक गावापुढे आला, आणि अनेक गावांनी त्या पुरल्या. शत्रूच्या कवट्या, ज्यांना बिअर पाजली होती, त्या मातीत ठेवल्या.

म्हणजे नागा समाजानं आपल्या कृत्याचा निवाडा आपणच केला होता. तो निवाडा ज्यांना लागू झाला नाही त्या कवट्या कोणत्या? ज्या त्याआधीच पेटीत बंद होऊन समुद्रापार गेल्या त्या. लॉट 64 ही अशी मागे राहून गेलेली कवटी आहे. गावातच राहिली असती तर तिला आतापर्यंत माती मिळाली असती.

आणि आवाज कुणी उठवला हेही पाहण्यासारखं आहे. ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ 2008 साली स्थापन झाली ती एकमेकांवर बंदुका रोखलेल्या नागा गटांना एकत्र बसवण्यासाठी. तिच्या सभेत कापणाऱ्याचा नातू आणि कापलेल्याचा नातू शेजारी बसलेले असू शकतात. दोघांनी मिळून ‘हे आमचं’ म्हणावं, यापेक्षा मोठा हक्क कोणत्या पावतीनं सिद्ध होणार?

कायदा

इंग्लंडमध्ये ही विक्री बेकायदा नव्हती. 2004 च्या मानवी ऊती कायद्यानुसार शंभर वर्षांच्या आत मृत्यू पावलेल्या माणसाचे अवशेष जाहीर मांडायचे तर परवाना लागतो. त्याहून जुन्यांना लागत नाही. यादीत ‘एकोणिसावं शतक’ एवढं लिहिलं की तो प्रश्न मिटला. मृतदेह कुणाच्या मालकीचा नसतो हे तिथलं जुनं तत्त्व आहे. पण त्यालाही फट आहे. अवशेषावर कुणी कौशल्यानं काम केलं असेल तर तो मालमत्ता ठरू शकतो, हे 1998 मध्ये शरीराचे अवयव चोरल्याच्या एका खटल्यात तिथल्या न्यायालयानं मान्य केलं. माझ्या मनात आलेला तर्क असा, की कवटीला शिंगं बांधणं हेही उद्या कुणी ‘कौशल्याचं काम’ म्हणेल. ज्या विधीनं शत्रूला बांधलं, तोच विधी विक्रेत्याला मालकी मिळवून देईल.

याच कायद्यानं ब्रिटिश म्युझियमसारख्या काही राष्ट्रीय संग्रहालयांना हजार वर्षांच्या आतले मानवी अवशेष परत देण्याची मुभा दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 12वं कलम मानवी अवशेष परत मिळण्याचा हक्क स्पष्ट सांगतं. पण हे सगळं सरकारं आणि संस्थांसाठी. खासगी कपाटातली कवटी या साऱ्याच्या बाहेर राहते. म्हणून लॉट 64 कायद्यानं थांबला नाही. तो थांबला लाजेनं. एवढ्या लवकर थांबला हे चांगलंच झालं, पण पुढच्या वेळी विक्रेता लाजलाच नाही तर हातात काही नाही.

विकत का घेऊ नये

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल, तो मलाही पडला. सरळ बोली लावून सोडवून का आणू नये?

आपण नुकतंच तसं केलं आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारनं ती 47 लाख 15 हजार रुपये खर्चून सोडवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. युरोपीय घडणीचं एकधारी पातं, आणि त्यावर देवनागरीत रघुजींचं नाव व सेनासाहेबसुभा हा किताब. त्याआधी, जुलै 2024 मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्यात त्यांचं कसं स्वागत झालं ते आपल्याला आठवतं. दुरावलेली वस्तू पाहताना काय वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तरीही तलवारीला लागू पडणारा न्याय कवटीला लागू पडत नाही. तलवार घडवली गेली, वापरली गेली, भेट दिली गेली, लुटली गेली, विकली गेली. तिच्या आयुष्यात पैसा आधीपासूनच आहे. कवटीचं तसं नाही. ती विकत घेतली की आपणही मान्य केलं की हिला भाव आहे. पुढच्या वेळी तो भाव वाढतो आणि अडगळीतून आणखी चार कवट्या बाहेर येतात. उसनवारीवर आणणंही तितकंच अशक्य. तीन वर्षांसाठी आजोबा उसने आणता येत नाहीत. नागांची मागणी सुरुवातीपासून विक्री थांबवा, परत द्या, अशी राहिली. ती भाबडी नव्हती, विचारपूर्वक होती.

आपण मराठी माणसं अस्थींचा कलश घरात घेत नाही. झाडाला टांगतो, बाहेर ठेवतो आणि लवकरात लवकर पाण्यात सोडतो. हाडं घरी मुक्कामाला ठेवायची नसतात, एवढं कळायला फार शिकावं लागत नाही. पण याच मातीत वाढलेल्या माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक खरा सांगाडा होता. तो कुणाचा, हे आम्ही कधी विचारलं नाही, शिक्षकांनीही सांगितलं नाही. 1985 मध्ये बंदी येईपर्यंत भारत हा जगाला मानवी सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश होता, आणि कोलकाता त्या धंद्याचं केंद्र. हे मोठेपणी वाचल्यावर त्या कपाटाची आठवण पहिल्यांदा टोचली. लॉट 64 च्या बाबतीत इंग्रजांना बोल लावताना ते कपाट माझ्या डोळ्यांसमोर असतं.

आणखी एक गोष्ट आपल्या दाराशी येते. कोहिमाजवळ किसामा इथे 2000 सालापासून दर डिसेंबरात हॉर्नबिल महोत्सव भरतो, आणि आपल्याकडून पुष्कळ लोक तिकडे सहलीला जातात. कित्येक जण पुढे मोन जिल्ह्यातही जातात. चेहऱ्यावर गोंदण असलेल्या वृद्ध कोन्याक आजोबांबरोबर फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘शेवटचे हेडहंटर’. ते आजोबा रविवारी चर्चमध्ये जातात, नातवंडांना खेळवतात, शेतावर दाओ घेऊन जातात. त्यांची ओळख सांगायला आपल्याला तोच एक शब्द सापडतो, जो लिलावघराच्या यादीला सापडला होता. निदान त्यांचं नाव आणि गाव विचारून फोटोखाली ते लिहावं, एवढं तर आपल्या हातात आहे.

पेटीतल्या कवट्या

लॉट 64 अचानक उपटलेलं प्रकरण नव्हतं, आणि नागांचा आवाज एवढ्या तातडीनं उठला त्याला कारण होतं. 2020 मध्ये पिट रिव्हर्स संग्रहालयानं सुमारे 120 मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. त्यांत दक्षिण अमेरिकेतली आकसवलेली डोकी होती, तशीच नागा मुंडकीही. त्यानंतर परत देण्याबद्दल बोलणी सुरू झाली. एडिंबरा विद्यापीठातले अर्कोतोंग लोंगकुमेर आणि मानववंशशास्त्रज्ञ डॉली किकोन या दोन नागा अभ्यासकांनी फोरमसोबत गावोगाव जाऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली. शाळांत, चर्चमध्ये, गावसभांत ते विचारत होते, हे परत आले तर काय करायचं? म्हणून ऑक्टोबरात लिलावाची यादी आली तेव्हा प्रश्न लोकांना नवा नव्हता.

जून 2025 मध्ये नागा प्रतिनिधींचं मंडळ ऑक्सफर्डला गेलं. त्यात वेगवेगळ्या जमातींचे वडीलधारे होते. त्यांनी संग्रहालयातले अवशेष प्रत्यक्ष पाहिले आणि ते परत मिळावेत यासाठी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला.

आता अवघड भाग. परत आणायचे म्हणजे कुठे? ज्या गावानं कापलं त्या गावी, की ज्या गावातून कापून नेलं तिथे? पहिल्या गावाच्या मोरुंगमधून ती कवटी नेली गेली, म्हणून घेणं त्या गावाचं. पण माणूस दुसऱ्या गावाचा. विधी कोणते करायचे? मेलेला माणूस ख्रिस्ती नव्हता, आज त्याला पुरणारे ख्रिस्ती आहेत. जुने विधी जाणणारे फार थोडे उरले आहेत. आणि ज्या कवटीचं गाव कळतच नाही तिला कुणी आपलं म्हणायचं?

इथे एक विचित्र गोष्ट हाती लागते. पिट रिव्हर्समधल्या पुष्कळ वस्तूंना गाव आहे, कारण हटन आणि मिल्स नोंदी ठेवणारे होते. कोणत्या गावातून, कुणाकडून, कोणत्या साली. ज्या हातांनी नेलं त्याच हातांनी परतीची वाटही लिहून ठेवली. खासगी संग्रहातून फिरत आलेल्या कवटीचं तसं होत नाही. ती एका शौकिनाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दर फेरीत एकेक तपशील गळत जातो. आधी गावाचं नाव, मग जमातीचं, शेवटी उरतं ते ‘नागा, शिंगं, एकोणिसावं शतक’. यातली शिंगं गिऱ्हाइकासाठी आणि शतक वकिलासाठी. गाव कुणालाच नको असतं, कारण गाव आलं की नातेवाईक येतात.

लिलावातून मागे घेणं म्हणजे परत देणं नव्हे. यादीतून उतरवलेली वस्तू कायद्यानं तिच्या धन्याचीच राहते. म्हणून उद्या अशी एखादी यादी पुन्हा दिसली तर किंमत किती, हा प्रश्न मी शेवटी विचारीन. आधी विचारीन ते जुन्या पावत्या, पेटीवरच्या चिठ्ठ्या, विकणाऱ्याच्या आजोबांची पत्रं, जुने फोटो. त्यात कुठेतरी वाकचिंग, पांग्शा किंवा अशाच एखाद्या डोंगरमाथ्यावरच्या गावाचं नाव अर्धवट खोडलेलं असू शकतं.